जीपचं रूप घेतलंत, आता दर्जाही द्या

गेल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात, भर पावसात, मावसभावाच्या नव्या गाडीत मागच्या सीटवर बसलो होतो. गाडी जुन्या धाटणीची. गोल दिवे, चौकोनी अंग, बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या. घेऊन सात महिने झालेत. दुसऱ्या वळणावर माझ्या मांडीवर पाण्याचा थेंब पडला. मग आणखी एक. भावाने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "मागं टॉवेल आहे बघ, तो धर वर. या गाड्यांचं असंच असतं."

ऑन रोड अठरा लाखांच्या वर गेलेली गाडी. पाच वर्षांचे हप्ते. आणि टॉवेल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गाडीवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि मला त्या थेंबापेक्षा भावाचं वाक्य जास्त लागलंय. "या गाड्यांचं असंच असतं." शोरूमवाल्यानेही त्याला हेच सांगितलं होतं म्हणे. ही लाइफस्टाइल गाडी आहे, हिचं कॅरेक्टरच तसं आहे.

आमचे आबा सातारा–बामणोली वडाप चालवायचे. ज्यांनी वडाप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावोगावची माणसं भाड्याने नेणारी खाजगी जीप, मागे समोरासमोर दोन बाकडी, वर रेक्झिनचं हूड, टपावर भाजीच्या पाट्या आणि दुधाचे कॅन. नऊ माणसांची गाडी, चौदा बसलेली असायची. कासच्या पठारावर पावसाने झोडपलं की हुडाच्या शिवणीतून पाणी यायचंच. बाया डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरायच्या. पण कुणी आबांशी भांडल्याचं मला आठवत नाही. एसटी चुकलेल्या माणसाला ती जीप घरी पोचवायची, अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री साताऱ्याच्या दवाखान्यात आणायची, आणि भाडं परवडायचं. एवढं करणारी गाडी गळायची, हे लोक समजून घ्यायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती रस्त्यात दुरुस्त व्हायची. डिझेलची टाकी पाझरली तर आबा अंगाचा साबण घासून भोक बुजवायचे. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा घालून दोरीने आवळायचे आणि गाव गाठायचे. तेरा-चौदाचा पाना, पक्कड आणि बाइंडिंग वायर, एवढ्यावर महिनेच्या महिने निघायचे. आज त्याच रूपाच्या गाडीत एक सेन्सर रुसला की मिस्त्री हात लावत नाही, लॅपटॉप जोडायला सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. त्यात मिस्त्रीची चूक नाही. पण मग जुन्या जीपला दिलेली माफी या गाडीने कशाच्या जोरावर मागायची? ती स्वस्त होती आणि वाटेत उभी राहिली तरी हाताने चालू होत होती. ही दोन्ही कारणं आता उरलेली नाहीत.

मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही आहे की, जे रूप आज आपण हौसेने विकत घेतो ते जन्मलं काटकसरीतून. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी विलीज या कंपनीने जीप बनवली. तिचे मडगार्ड सपाट, कारण सपाट पत्रा वाकवणं सोपं. समोरची काच सपाट, कारण तशी काच कुठल्याही काचवाल्याकडे कापून मिळते. पुढे दारं आली ती बाहेरच्या बिजागऱ्यांवर, म्हणजे पटकन काढता येतील अशी. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्राने मुंबईत त्याच जीपची जोडणी सुरू केली आणि ती आपल्या डोंगरात आली. शेतकऱ्याला, फॉरेस्टवाल्याला, वडापवाल्याला परवडावी अशी ती रचना होती. आता तीच सपाट काच, त्याच बिजागऱ्या शोभेच्या झाल्या आणि गोल दिव्यात एलईडी बसली.

हे फक्त आपल्याकडे घडलेलं नाही. ब्रिटनमध्ये १९५९ साली मिनी ही छोटी गाडी आली ती सुएझच्या संकटात पेट्रोल टंचाई झाली म्हणून, साध्या माणसाची गाडी म्हणून. २००१ साली बीएमडब्ल्यूने तेच रूप पुन्हा आणलं ते हौशी, पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी. फोक्सवॅगनची बीटलही तशीच: जुनीचं इंजिन मागे, नवी मात्र गोल्फच्या सांगाड्यावर, इंजिन पुढे. आठवण वापरून गाडी विकणं हा जगभरचा धंदा आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. टाटांनी १९९१ च्या सिएराचं नाव आणि मागच्या मोठ्या काचेचं वळण २०२५ मध्ये परत आणलं तेव्हा मीही फोटो झूम करून बघत बसलो होतो.

किंमत का वाढली याची काही कारणं प्रामाणिक आहेत, तीही सांगायला हवीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, धूर स्वच्छ करायची यंत्रणा महाग आहे. एअरबॅग आल्या, ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस सक्तीचं झालं. महिंद्राच्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत चार तारे मिळाले, थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच. आबांच्या जीपमध्ये मागे बसलेल्या माणसाला धरायला फक्त वरचा दांडा होता. मेढ्याच्या रस्त्यावर पलटी झालेल्या वडापातून काढलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे सुरक्षेसाठी घेतलेल्या एका रुपयाबद्दलही माझी तक्रार नाही.

मग कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्याहून मोठीला ४० टक्के. समजा मोठी डिझेल गाडी शोरूमला १५ लाखांची आहे. त्यातच सव्वाचार लाखांच्या वर जीएसटी आला. वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. सहा लाखांच्या वर सरकारचे. इन्शुरन्स वेगळा. हे कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

पण हे सगळं वजा केल्यावरही काहीतरी उरतं. तेवढ्याच इंजिनाची, तेवढ्याच सोयींची साधी गाडी समोर उभी असताना आपण या गाडीला जास्त पैसे देतो ते कशाचे? आपल्या बापाच्या जीपचे. कंपन्यांना ते चांगलं ठाऊक आहे. थार रॉक्सचं बुकिंग सुरू झालं तेव्हा पहिल्या तासाभरात पावणेदोन लाखांवर बुकिंग झालं. लोक एवढ्या ओढीने येत असतील तर दाराचं रबर नीट बसवण्याची घाई कुणाला असेल? मला वाटतं दुखणं इथे आहे. आपणच "असंच असतं" म्हणत गेलो.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, जिथे प्रिया स्कूटर बनायची. भावाची गाडी आली तेव्हा सगळे पेढे खात होते आणि काका दाराच्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. वरून खाली. मग मागचं दार उघडून लावलं, परत उघडून लावलं, आवाज ऐकला. मग वाकून बिजागरीच्या मागचा रंग बघितला. तिथे ब्रश पोचला नव्हता. म्हणाले, "वर फट बोटभर आहे, खाली नखभर. आमच्याकडं हे लाइनवरनं पुढं गेलं नसतं. पावसाळ्यात बघ." तेव्हा आम्हाला त्यांचा थोडा रागच आला होता, सणाच्या दिवशी कसली खोट काढताय म्हणून. जुलैत त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

काकांनी बघितलं ते महागडं काही नव्हतं. सारखी फट, नीट बसलेलं रबर, सांध्यात पोचलेला रंग. याला नवं संशोधन लागत नाही, माणसाला दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात. पातळ पत्र्याच्या, पाच-सहा लाखांच्या गाड्या आपल्याकडे पावसात कोरड्या राहतात. म्हणजे जमतं. मग तिप्पट पैसे मोजणाऱ्याला टॉवेल का?

भावाला मी एवढंच म्हटलं, सर्व्हिसला तोंडी सांगू नकोस, जॉब कार्डवर "छतातून पाणी येते" असं लिहून घे, सही घे, व्हिडिओ जोड. दोनदा तोंडी सांगून झालं होतं, दोन्ही वेळा गाडी धुऊन परत मिळाली होती. या वेळी लिहून दिल्यावर छताचं रबर बदलून देतो म्हणालेत. पार्ट यायचाय.

आणि हो, मलाही अशी गाडी घ्यायची आहे, हे लपवत नाही. आबांना तिच्यात पुढे बसवून बामणोलीला न्यायचंय. बुकिंगआधी शोरूमला मी एक अट घातली आहे: डेमो गाडी आधी वॉशिंग सेंटरवर न्यायची, मी आत बसणार, वरून पाच मिनिटं जोराचा फवारा मारायचा. सेल्समन पोरगा चांगला आहे, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. शनिवारी कळेल. काकांनाही बरोबर घेऊन जाणार आहे.