स्टोअरची किल्ली कमरेला कशी खोचावी

मरोळच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याचं स्टोअर, म्हणजे मशीनच्या सुट्या भागांचं कोठार, तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. मशीनची काळजी करू नका, ती करायला मेंटेनन्सवाले आहेत. तुम्ही रजिस्टरची करा.

सुरुवात नावांपासून करावी. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. आकडा बिचारा सगळं सांगतो: शेवटच्या ०५ ला पाचानं गुणलं की आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. पण इतका सरळपणा स्टोअरला परवडत नाही. एका शिफ्टनं ते ‘पंपाचं बेअरिंग’ म्हणून चढवावं, दुसरीनं ‘बेअरिंग बारीक’ म्हणून, आणि अकाउंट्सनं ‘किरकोळ सामान’ म्हणून. मग रॅकवर नऊ नग पडलेले असताना कॉम्प्युटर शून्य दाखवतो आणि तुम्ही बाणेदारपणे आणखी सहा मागवता. नंबरापुढे झेडझेड आहे की टूआरएस, म्हणजे झाकण पत्र्याचं की रबराचं, याची चौकशी करू नये. गरम होणाऱ्या मोटरला आतून जरा मोकळं, सी-थ्री लागतं म्हणे. लागू दे. गोल फिरतं ना?

साठवणुकीचंही शास्त्र आहे. व्ही-बेल्ट खिळ्याला लटकवावेत, ओ-रिंगा, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, खिडकीत उन्हाला ठेवाव्यात. रबर काय, कुठेही कडक होतं. बेअरिंगचा तेलकट कागद साहेबांना दाखवायला फाडावा आणि ते तसंच जुलैच्या मुंबईच्या हवेत उघडं ठेवावं. गंज आपला चढतो, त्याला इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, लागत नाही. जादा मोटर असेल तर तिला कॉम्प्रेसरच्या शेजारी जागा द्या. शाफ्ट अधूनमधून हातानं फिरवायचा असतो, तो फिरवू नका. जमिनीच्या थरथराटानं बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी घासत राहतात आणि न चालताच बेअरिंगला खड्डे पडतात. एक दिवसही न वापरलेली मोटर पहिल्याच दिवशी बोंबलते, तेव्हा दोष कंपनीचा.

काय ठेवायचं नि काय नाही, यावर लोक उगाच डोकं शिणवतात. एबीसी करा: वर्षाच्या खपात ज्यावर सगळ्यात जास्त पैसा जातो ते ‘ए’, त्यावर कात्री. व्हीईडी नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात ‘हा पार्ट नसेल तर काय थांबेल?’ असा प्रश्न असतो. असले प्रश्न मीटिंग लांबवतात. पंपाच्या शाफ्टपाशी गळती रोखणारं मेकॅनिकल सील परदेशातून यायला तीन महिने लागत असतील, तर तेवढ्या दिवसांचा खप आणि वर थोडी गंगाजळी धरून मागणीची पातळी ठरवतात. तुम्ही शून्य ठरवा. डेड स्टॉक, म्हणजे पडून राहिलेला माल, कमी केल्याबद्दल टाळ्या याच महिन्यात पडतात, पंप नंतर कधीतरी बसतो.

आणि तो शनिवारी रात्रीच बसतो. घाबरायचं नाही, आपल्याला मशीनच्या सामानाच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट आहे. रविवारी शटर खाली, म्हणून सोमवारी फिटरला तुटका नमुना पिशवीत घालून मस्जिदच्या लोकलला बसवा. तिथे बेअरिंग मिळतं, बेल्ट मिळतो, अस्सल डब्यातला नकली मालही मिळतो. ते परदेशी सील तेवढं मिळत नाही.

तोवर स्टँडबाय पंप आहेच. त्याचं कपलिंग गेल्या वर्षी काढलं, इम्पेलर दिवाळीआधी, आता सील काढा. मात्र बाहेरून रंग मारून ठेवा. खंडेनवमीला हार घालायला तोच सगळ्यात देखणा दिसतो.

ब्रेकडाऊनच्या मीटिंगला बिन कार्ड, म्हणजे रॅकवरचं आवक-जावकीचं कार्ड, घेऊन जाऊ नये, त्यावर तारखा असतात. मेंटेनन्स म्हणेल इंडेंट दिला होता, परचेस म्हणेल तिसरं कोटेशन आलं नव्हतं. तुम्ही चहा सांगा.

सील येतं. तोपर्यंत कंटाळून दुसऱ्याच मापाचा पंप बसवलेला असतो. तरी ते वरच्या फळीवर नीट मांडा. ३१ मार्चच्या मोजणीत रजिस्टरशी बरोब्बर जुळणारा तो एकच नग असतो, आणि ऑडिटर त्याच्यापुढे हिरव्या शाईनं टिक करतो.