कॅलिफोर्नियातील सॅमनबंदी: खुलासा

‘कॅलिफोर्नियाने हौशी मासेमारांना सॅमन पकडण्यास बंदी केली, व्यावसायिक बोटींना मात्र मोकळे रान दिले’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिलच्या (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीचे नियोजन करणाऱ्या परिषदेच्या) शिफारशीवरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची समुद्रातील सॅमन मासेमारी हौशी व व्यावसायिक अशा दोघांसाठीही बंद होती. 2025 मध्ये तर चित्र नेमके उलटे होते: व्यावसायिक हंगाम सलग तिसऱ्या वर्षी बंद राहिला आणि हौशी मंडळींना, ठरावीक मर्यादेत का होईना, मोजके दिवस मिळाले.

‘एका वर्षाच्या बंदीने मासे वाढायला हवे होते’ हा त्याच संदेशातील दुसरा आक्षेप वरवर पटण्यासारखा असला, तरी त्यात चिनूक या सॅमनच्या जातीचे जीवनचक्र लक्षात घेतलेले नाही. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीत जन्मलेली पिल्ले समुद्रात जातात आणि त्यांपैकी बहुतेक साधारण तिसऱ्या वर्षी अंडी घालण्यासाठी परततात. त्यामुळे 2020 ते 2022 च्या दुष्काळात, नदीचे पाणी आटून तापले असताना जी पिढी रोडावली, तिची उणीव पुढील काही हंगामांत दिसणे अपरिहार्य होते. अशीच बंदी 2008 व 2009 मध्येही आली होती.

दुकानांतील सॅमनवर या बंदीचा रोख नव्हता; अलास्कातला किंवा मत्स्यशेतीतला सॅमन विकण्यास त्यामुळे कोणतीही आडकाठी आली नाही.