खुलासा: चॅम्पियन्स लीगमधले ‘८ स्वदेशी खेळाडू’

‘चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेत प्रत्येक क्लबला ८ खेळाडू स्वतःच्या देशाचेच घ्यावे लागतात, म्हणून तिथे तरुणांना संधी मिळते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. युएफाच्या (युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था) या नियमाचा राष्ट्रीयत्वाशी संबंधच नाही.

प्रश्न आहे खेळाडू कुठे घडला याचा. क्लबने स्पर्धेसाठी नोंदवलेल्या २५ जणांच्या मुख्य म्हणजे ‘अ’ यादीत ८ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात. त्यातले किमान ४ त्याच क्लबने घडवलेले हवेत. बाकीचे त्याच देशातल्या इतर क्लबांत घडलेले चालतात. अट अशी: वयाच्या १५ ते २१ या काळात ३ पूर्ण हंगाम किंवा ३६ महिने क्लबकडे नोंदणी, मग ती सलग नसली तरी चालेल. त्यामुळे १६व्या वर्षी बार्सिलोनाहून आलेला स्पॅनिश सेस्क फाब्रेगास इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचा घरचा ठरला. उलट, परदेशात वाढून २२व्या वर्षी मायदेशी परतलेला खेळाडू बसत नाही.

८ भरले नाहीत तर यादीच आखूड होते: ५ असतील तर फक्त २२ नावे.

तरुणांची खरी वाट ‘ब’ म्हणजे २५ जणांबाहेरच्या पूरक यादीतून जाते. १५ वर्षांनंतर सलग २ वर्षे क्लबमध्ये असलेले, २१च्या आसपासपर्यंतचे खेळाडू त्यात कितीही घालता येतात, अगदी सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत. पण मैदानात उतरवण्याची सक्ती दोन्ही याद्यांत नाही. राखीव जागा तिसऱ्या गोलकीपरने भरणारे क्लबही आहेत.