घरे बांधणे थांबवल्याने शहरातील गरिबी घटत नाही

‘बाहेरून येणाऱ्यांमुळे मोठ्या शहरांतील नोकऱ्या आटतात, गरिबी आणि गुन्हे वाढतात, नवी घरे बांधणेच थांबवा, म्हणजे लोंढे थांबतील,’ अशा आशयाचा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो अमलात आला, तर सर्वाधिक भरडले जातील ते गरीबच.

नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते. शहरात आलेला माणूस काम मागतो, तसाच भाडे भरतो, जेवतो, प्रवास करतो आणि त्यातून इतरांना काम मिळते. काही व्यवसायांत काही काळ मजुरीवर ताण येतो, हे मान्य. पण त्यावरून एकूण रोजगार घटतो असे सिद्ध होत नाही.

शहरात गरीब अधिक दिसतात, कारण मोटार नसली तरी बस किंवा रेल्वेने कामावर पोहोचता येईल अशी जागा ते शोधतात. प्रश्न शहराचा नसून वस्तीचा आहे. अमेरिकेत 1994 साली सुरू झालेल्या प्रयोगात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना सोडतीने भाडे-साहाय्य देण्यात आले. त्याच्या आधारे कमी गरिबीच्या वस्तीत गेलेल्या, तेव्हा 13 वर्षांखालील असलेल्या मुलांचे विशीतील उत्पन्न, असे साहाय्य न मिळालेल्या कुटुंबांतील मुलांपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी अधिक निघाले.

गुन्ह्यांचे खापर गर्दीवर फोडणे तर सर्वांत सोपे. न्यूयॉर्कमध्ये 1990 साली 2,245 खून झाले होते; 2018 साली ती संख्या 300 च्या आत आली, आणि दरम्यान शहराची लोकसंख्या वाढलीच होती. फिलाडेल्फियात संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही ओसाड भूखंड निवडले, तेथील कचरा उचलला, हिरवळ व थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. गरीब वस्त्यांतील अशा भूखंडांच्या आसपास बंदुकीचे गुन्हे सुमारे 29 टक्क्यांनी घटले. एकाही रहिवाशाला त्यासाठी हलवावे लागले नाही!

राहिला घरबंदीचा उपाय. काम असेल तोवर माणसे येतच राहतात; घरे कमी पडली की एका खोलीत अधिक जण राहतात, भाडे चढते आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी, तो कामापासून सर्वांत दूर फेकला जातो. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने 2016 साली उलट वाट धरली आणि निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर अधिक दाट बांधकामास मुभा दिली. त्यानंतर तेथील बांधकाम परवाने लक्षणीय वाढले. अर्थात, ज्यांना बाजारभावाचे स्वस्तातले भाडेही झेपत नाही, त्यांच्यासाठी सार्वजनिक घरे किंवा भाडे-साहाय्य यांची सोय वेगळी करावीच लागते.