सडा म्हणजे पडीक नव्हे!

गणपतीला कोकणात गावी आलेल्या प्रत्येकाचं तेच! ‘मे महिन्यात हिमाचलात त्रिउंडला गेलो. मॅक्लोडगंजहून सकाळी निघालो, संध्याकाळी परत. काय ते कुरण, समोर काय ती धौलाधारची डोंगररांग!’ गेलात, छान केलंत. पण पुढचं वाक्य ठरलेलं. ‘आपल्याकडे काय आहे? नुसता कातळ!’

नुसता कातळ? अहो, घरामागची पाखाडी, ती दगडी पायवाट, चढा, वीस मिनिटांत सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. जूनमध्ये तिथे पांढरी दीपकाडी उमलते, शास्त्रीय नावातच कोकण असलेली. आत्ता भाद्रपदात सीतेची आसवं ही फुलं निळीजांभळी पसरलीत, गेंदांच्या फुलांनी पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही. शेजारी कातळशिल्पं, २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. कोणी बघितलं?

तिकडे २,८०० मीटरच्या वर धापा टाकत चढता, इथली पाखाडी जड होते? वर गेलातच तर गाडी थेट फुलांवर घालता! आणि सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, आहे म्हणून तोच सडा बांधकामाचे चिरे कापायला, चिरेखाणीला देता. बोटभर माती असते हो त्या कातळावर, सगळी फुलं तेवढ्यावर जगतात. चिरा कापून ट्रक गेला की ती माती कुठून आणणार?