चावीचं घड्याळ 'सेकंदही चुकत नाही'? हिशेब करून बघा

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक पोस्ट फिरतेय. म्हणे यांत्रिक घड्याळ '९९.९ टक्के अचूक' असतं, सेलवरचं क्वार्ट्झ त्यापुढे खेळणं. जितकी किंमत तितकी अचूकता. आणि आपल्या वडिलांची एचएमटी कधी सेकंदही चुकली नाही.

आधी ती टक्केवारीच धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातला ०.१ टक्का म्हणजे ८६ सेकंद. रोज जवळपास दीड मिनिट चुकणारं घड्याळ कोणीही दुरुस्तीला टाकेल. स्तुती करता करता पोस्टवाल्याने बदनामीच केलीय! स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेकडून क्रोनोमीटरचं, म्हणजे खास अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र हवं असेल तर १५ दिवस चाचणी चालते: डायल वर, डायल खाली, चावी वेगवेगळ्या दिशांना अशा पाच स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश सेल्सिअसला. रोजची सरासरी चूक ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, यातच बसावी लागते.

आता ते 'खेळणं'. साधं क्वार्ट्झ महिन्याला १५-२० सेकंद चुकतं. प्रमाणपत्रवालं घड्याळ रोज ५ सेकंद पुढे गेलं, तर महिन्याला अडीच मिनिटं. कारण उघड आहे. यांत्रिक घड्याळात मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचे, म्हणजे बॅलन्स व्हीलचे, ठोके सेकंदाला सहा-आठ, क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपनं ३२,७६८. यांत्रिक घड्याळाचा सेकंद काटा किती मऊ सरकतो यावर जाऊ नका. तोही उड्याच मारतो, फक्त बारीक.

किमतीचं म्हणाल, तर पैसा बराचसा सोन्यात, हातकामात आणि नावात जातो. टुर्बिलॉनचंच बघा, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे होणारी चूक भरून काढायला बॅलन्स व्हील गोल फिरवत ठेवणारा पिंजरा. घड्याळजी ब्रेगेने १८०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळांसाठी. मनगट दिवसभर हलतच असतं, तिथे त्याचा फायदा नाममात्र.

एचएमटी जनता दणकट होती, वादच नाही. पण आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या 'पीप'वर काटे जुळवायची पद्धत का होती मग?

पोस्टमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र कामाची आहे. चावीचं घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, पर्सचं मॅग्नेटिक बटण, काहीही. बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, म्हणजे हेअरस्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि ठोके वाढतात. चुंबकत्व काढायला दुकानात काही सेकंद पुरतात. पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजण्याआधी तेवढं करून घ्या.