ओतणारा चोर, उपसणारा साव

टीव्हीवर फुटबॉल सामन्याआधीच्या कार्यक्रमात तीच चर्चा पुन्हा सुरू झाली की माझा संताप अनावर होतो. दोन-तीन माजी खेळाडू गंभीर चेहऱ्याने बसलेले असतात, मागच्या पडद्यावर इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या (मालक अबू धाबीच्या राजघराण्यातले) किंवा न्यूकॅसलच्या (मालक सौदी सरकारी निधी) जर्सीवरचे आखाती कंपनीचे नाव झळकत असते, आणि स्पॉन्सरशिपचा हा पैसा खरा की मालकाने एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलेला, यावर काथ्याकूट चाललेला असतो. हा प्रश्न विचारू नये असे माझे अजिबात म्हणणे नाही. एखाद्या देशाच्या राजघराण्याने किंवा सरकारी निधीने फुटबॉल क्लब विकत घ्यावा हे मला मुळातच पटत नाही, आणि असा क्लब कितीही सुंदर खेळला तरी माझे मत बदलत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मालक क्लबात पैसा ओतू लागला की सगळ्यांना हिशेब आठवतो, आणि मालक क्लबातून पैसा उपसू लागला की तेच सगळे मूग गिळून बसतात.

नियमच पाहा. 2013 मध्ये आणलेल्या नफा-तोट्याच्या नियमाने प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगने, तीन वर्षांच्या तोट्यावर 10.5 कोटी पौंडांची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसलचा ताबा घेतला आणि दोन आठवड्यांच्या आत बाकीच्या क्लबांनी एकत्र येऊन, मालकाशी संबंधित कंपन्यांच्या स्पॉन्सरशिपवर तात्पुरती बंदी आणली. ठरावाच्या बाजूने 18 मते पडली, न्यूकॅसलने विरोध केला आणि सिटी तटस्थ राहिली. एरवी ज्या मंडळींचे एका साध्या गोष्टीवर एकमत व्हायला वर्षे लागतात, त्यांना ही चपळाई कुठून आली? लेस्टरच्या जर्सीवर आणि स्टेडियमवर मालकाच्याच किंग पॉवर कंपनीचे नाव होते, तेव्हा 2016 च्या विजेतेपदाची परीकथा रंगवून सांगणाऱ्यांपैकी फारसे कोणी बाजारभाव विचारताना मला आठवत नाहीत.

पुढे त्या तात्पुरत्या बंदीच्या जागी, असे करार बाजारभावाचेच हवेत हा नियम आला. सिटीने तो लवादापुढे नेला, तेव्हा 2024 मध्ये एक गंमत उघडी पडली. संबंधित कंपनीने जर्सीसाठी दिलेला पैसा बाजारभावाच्या तराजूत तोलला जात होता, पण मालकाने स्वतःच्याच क्लबाला दिलेले बिनव्याजी कर्ज त्या तराजूवर ठेवलेच जात नव्हते. ब्रायटनसारख्या क्लबांचा डोलारा अशा कर्जावर उभा होता. ब्रायटनच्या मालकाबद्दल माझी तक्रार नाही, उलट असे मालक कमीच. पण बँकेकडे गेले असते तर ज्या रकमेवर घसघशीत व्याज पडले असते, ती फुकट मिळणे हाही मालकाकडून मिळालेला फायदाच नव्हे का? ही सवलत बेकायदा असल्याचे लवादाने सांगितले, त्यावर लीगने आणि सिटीने दोघांनीही विजय आपलाच झाल्याचे जाहीर केले, आणि वाचकाने नेमके काय समजायचे ते त्याने हाती घेतलेल्या वर्तमानपत्रावर अवलंबून राहिले.

आता उपसणाऱ्यांकडे वळू. माइक अ‍ॅशली 2007 पासून 2021 पर्यंत न्यूकॅसलचे मालक होते. त्या काळातल्या कोणत्याही सामन्याचे चित्रण काढून बघा. सेंट जेम्स पार्क या क्लबाच्या मैदानाच्या छतावर, गोलच्या मागे, बाजूच्या फलकांवर, जिथे नजर जाईल तिथे स्पोर्ट्स डायरेक्ट हे अ‍ॅशलींच्याच दुकानांच्या साखळीचे नाव दिसेल. जगभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांतली ही जाहिरात वर्षानुवर्षे क्लबाच्या तिजोरीत फारसे काही न टाकता चालू होती. 2011 मध्ये तर एका शतकाहून जुन्या मैदानाचे नावच बदलून स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना केले गेले, आणि ते मूळ नाव परत आले ते पुढच्या वर्षी वोंगा या अवाच्या सवा व्याजाने उसने पैसे देणाऱ्या कंपनीशी करार झाला तेव्हा. म्हणजे सावकार आला आणि त्याने मैदानाला त्याचे नाव परत मिळवून दिले! मालकाच्या कंपनीने क्लबाला बाजारभावापेक्षा जास्त दिले तर तो नियमभंग. मग मालकाच्या कंपनीने बाजारभावापेक्षा कितीतरी कमी देऊन क्लबाचे उत्पन्न बुडवले, तर त्यावर नियम का नव्हता? न्यूकॅसलचे प्रेक्षक ओरडत होते, तेव्हा दूरच्या स्टुडिओत बसलेले शहाणे त्यांनाच समजावत होते की तुमच्या अपेक्षा फार आहेत, मालक क्लब काटकसरीने चालवतो आहे. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच.

मँचेस्टर युनायटेडबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांत हा क्लब घेतला, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. त्या कर्जाचा बोजा क्लबाच्याच डोक्यावर ठेवला गेला, ज्या क्लबावर तोवर कर्ज नव्हते. तेव्हापासून प्रेक्षकांच्या तिकिटांचा, जर्सीविक्रीचा आणि स्पॉन्सरशिपचा पैसा व्याजात जातो आहे आणि ती रक्कम कधीच शेकडो दशलक्ष पौंडांच्या घरात गेली आहे. पुढे अनेक वर्षे लाभांश वाटला गेला, तोही मुख्यतः त्याच कुटुंबाला. हे सगळे कायदेशीर होते. क्लब विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज त्याच क्लबाकडून फेडून घेणे कायदेशीर होते आणि त्यावर शिक्षा म्हणून कोणाचे लीगमधले गुण कापले गेले नाहीत. उलट, युनायटेडने दरवर्षी नवनवे स्पॉन्सर गोळा केले तेव्हा व्यापारी दूरदृष्टीचा नमुना म्हणून त्यांचे कौतुक छापून आले. त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचे छप्पर गळून पाण्याच्या धारा पडू लागल्या तेव्हा कुठे काहींना ताळेबंद उघडावासा वाटला.

हे वाचून सिटीच्या चाहत्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत, कारण त्यांच्याबद्दलही माझ्या मनात भरपूर साठले आहे. 2018 मध्ये जर्मनीच्या 'डेर श्पिगेल' साप्ताहिकाने सिटीचे अंतर्गत ईमेल छापले आणि मालकाचाच पैसा स्पॉन्सरशिप म्हणून दाखवल्याचा आरोप केला. फेब्रुवारी 2020 मध्ये युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेने, आपल्या स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी आणि 3 कोटी युरोंचा दंड ठोठावला. जुलैमध्ये क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि दंड 1 कोटींवर आणला, पण काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतबाह्य ठरले, असे दोन वेगळे भाग त्या निकालात होते. शिवाय उरलेला दंड चौकशीला सहकार्य न केल्याबद्दल होता. त्या दिवशी एका बाजूने संपूर्ण निर्दोष सुटल्याचा जल्लोष केला आणि दुसऱ्या बाजूने केवळ तांत्रिक पळवाटेने सुटल्याची बोंब मारली. निकालाची प्रत कोणालाही वाचायला उपलब्ध होती, तरी मधल्या जागेत उभे राहून ती समजावून सांगणारा लेख मला शोधून काढावा लागला. आणि कागदपत्रांबद्दल साधा प्रश्न विचारला तरी 'माध्यमे आमच्याविरुद्ध आहेत' असे म्हणणारे चाहते, ज्याच्या हाती साऱ्या देशाची तिजोरी आहे अशा मालकाला बिचारा ठरवतात, हे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये लीगने आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप सिटीवर ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल एव्हर्टन या क्लबाचे 10 गुण कापले गेले, जे अपिलात 6 वर आले, आणि एप्रिल 2024 मध्ये आणखी 2 गेले. 'एव्हर्टनला लगेच शिक्षा, मग सिटीला का नाही' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकताच मी आवाज बंद करतो. कारण उत्तर फार अवघड नाही. एव्हर्टनने मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले होते. तोटा 12.45 कोटी पौंड ठरला, मर्यादा 10.5 कोटींची होती आणि वाद मुख्यतः शिक्षेचा होता. सिटीने मात्र प्रत्येक आरोप नाकारला, त्यामुळे अनेक वर्षांचे करार आणि पुरावे तपासावे लागले. हे दोन वाक्यांत सांगता येते, पण सांगितले की भांडण थंडावते, आणि थंडावलेले भांडण कोण बघणार?

दरम्यान चेल्सीने काय केले ते पाहा. स्वतःच्याच मैदानाजवळची दोन हॉटेले स्वतःच्याच समूहातल्या कंपनीला 7.65 कोटी पौंडांना विकली, आणि मग महिला संघही जवळपास 20 कोटींना तसाच विकला. तोटा कागदावर आटोक्यात आला. लीगच्या नियमांत ते बसले. युएफा असे उत्पन्न धरत नाही, म्हणून 2025 मध्ये तिच्या आर्थिक नियमांच्या उल्लंघनांबद्दल चेल्सीला 3.1 कोटी युरोंचा दंड झाला. इथे मात्र नैतिकतेवर प्रवचने कमी झाली आणि 'कल्पक हिशेब' म्हणून गमतीने बोलणारेच जास्त भेटले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

आणि ज्यांनी निःपक्ष राहायचे त्या माध्यमांचे हात किती कोरडे आहेत? 1998 मध्ये बीएसकायबी (आजची स्काय) या प्रक्षेपण कंपनीने खुद्द मँचेस्टर युनायटेड 62.3 कोटी पौंडांना विकत घ्यायचा घाट घातला होता. पुढच्या वर्षी सरकारने तो अडवला, तेव्हा याच वाहिनीने लीड्स आणि चेल्सी अशा क्लबांत दहा टक्क्यांहून कमी हिस्से घेतले. आज प्रीमियर लीगच्या देशांतर्गत प्रक्षेपणाचा करार चार वर्षांसाठी 670 कोटी पौंडांचा आहे, आणि जी वाहिनी हा पैसा मोजते तीच क्लबांच्या पैशावर न्यायनिवाडा करायला बसते. पॅरिस सेंट-जर्मेनचे अध्यक्ष नासर अल-खेलैफी हेच बीइन या प्रक्षेपण समूहाचे अध्यक्ष आणि युएफाच्या कार्यकारी समितीचे सदस्यही आहेत. इटलीत तोरिनोचे मालक उर्बानो काइरो यांच्याच हाती 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'च्या प्रकाशनसमूहाची सूत्रे आहेत. म्हणून तिथला प्रत्येक पत्रकार विकला गेला आहे असे मी म्हणणार नाही, पण लेखाखाली एका ओळीत 'या विषयात आमचे हितसंबंध आहेत' एवढे छापायला कोणाचे काय जाते?

ऑगस्ट 2019 मध्ये बरी हा 1885 साली स्थापन झालेला क्लब प्रीमियर लीगखालच्या स्तरांच्या इंग्लिश फुटबॉल लीगमधून हाकलला गेला. आठ-नऊ महिन्यांपूर्वीच तो एका पौंडाला विकला गेला होता आणि नव्या मालकाकडे क्लब चालवण्याइतका पैसा आहे याची खात्री न करताच त्याला आत येऊ दिले होते. क्लब बुडाल्यावर दोन-चार दिवस हळहळ झाली, आणि पुढच्या शनिवारी आखाती पैशावरची चर्चा जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली. आता 2025 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. त्याने कोणाचे ताळेबंद आधी मागवावेत याची माझी यादी तयार आहे, आणि तिच्यात सर्वांत वर असलेले नाव आखाती नाही.